टायटस ब्रँड्स्मांवर लिहितेयस, तर जाहिरातीपासून सुरुवात कर

प्रिय लेकी,

तुझा मसुदा वाचला. रात्री जेवणानंतर पुन्हा काढून वाचला. भाषा स्वच्छ आहे, मेहनत दिसते, तारखाही नीट तपासलेल्या आहेत. तरीही पहिला परिच्छेद काढून टाक, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. फोनवर सांगितलं असतं तर 'हो सर, बघते' म्हणाली असतीस आणि परिच्छेद होता तिथेच ठेवला असतास. तुला ओळखतो मी.

तू सुरुवात केलीयस जर्मनीतल्या डाखाऊच्या नाझी छळछावणीतून. 26 जुलै 1942, छावणीतला दवाखाना, खाटेवर एकसष्ट वर्षांचे डच धर्मगुरू टायटस ब्रँड्स्मा आणि हातात सुई घेतलेली नर्स. वाचक जागचा हलणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या दृश्यात फादर टायटस काय करताहेत, सांग बघू. अंगात त्राण उरलेलं नाही. जे चाललंय ते सगळं दुसरे करताहेत. त्यांना मारणं हे मारणाऱ्यांचं काम होतं, त्याचा हिशेब त्यांच्या खात्यावर. फादर टायटस यांचं स्वतःचं काम तोवर करून झालेलं होतं, आणि नेमकं तेच तू आठव्या परिच्छेदात एका वाक्यात उरकलंस: 'त्यांनी नाझी जाहिराती छापण्यास विरोध केला.' अगं, लेख त्या वाक्यात आहे!

आपल्याकडे संतचरित्रं लिहायची एक ठरलेली वाट आहे. लहानपणी देवभक्त, तरुणपणी त्यागी, शेवटी छळ, मग रक्त, मग चमत्कार. पॅरिशच्या सणाला नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, असं प्रवचन ऐकून घरी गेलेला माणूस हळहळतो, आणि दुसऱ्या दिवशी आठ बाराची लोकल पकडतो. त्यात त्याच्या वाट्याचं काहीच नसतं. छळछावणीत जाण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. टेबलावर नको तो कागद सहीला येण्याची वेळ मात्र त्याच्यावर येते. म्हणून तो कागद आधी दाखव.

10 मे 1940 ला जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि पाच दिवसांत देश पडला. त्या काळचं हॉलंड आपल्या वाचकाला दोन ओळींत समजावून सांगावं लागेल. तिथे प्रत्येक समाजाचा संसार वेगळा होता: कॅथलिकांच्या शाळा, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, रेडिओसुद्धा वेगळा; प्रोटेस्टंटांचं वेगळं, समाजवाद्यांचं वेगळं. नव्या सत्तेने यातली एकेक संस्था हाताखाली घ्यायला सुरुवात केली. एकदम नाही, फर्मानामागून फर्मान काढत. 1941 च्या उन्हाळ्याअखेर हुकूम आला की ज्यू मुलांना शाळांतून वेगळं काढा. कॅथलिक शाळांच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा फादर टायटस होते. ज्यू वंशाची पण बाप्तिस्मा घेतलेली मुलंही त्या हुकुमात येत होती. बिशपांनी नकार दिला आणि फादर टायटस तो नकार घेऊन हेगला अधिकाऱ्यांच्या दारात गेले. हे तुझ्या मसुद्यात अजिबात नाही. घाल. जाहिरातीचं प्रकरण आकाशातून पडलं नाही, हे त्यावरून कळेल.

आता जाहिरात. हॉलंडमध्ये अँटोन मुसर्टने 1931 मध्ये काढलेला नाझी पक्ष होता, एनएसबी. आक्रमणानंतर तो सत्तेच्या सावलीत फोफावला. या पक्षाला साथ देणाऱ्यांना चर्चचे धार्मिक विधी-संस्कार मिळणार नाहीत, असं कॅथलिक बिशपांनी जाहीर केलेलं होतं. डिसेंबर 1941 मध्ये वर्तमानपत्रांना कळवण्यात आलं की या पक्षाच्या जाहिराती तत्त्वाचं कारण सांगून नाकारता येणार नाहीत. बस, इतकंच. कुणाला गोळी घाला म्हटलं नव्हतं, क्रूस उतरवा म्हटलं नव्हतं. पैसे घ्या आणि चौकट छापा.

तू अजून जाहिरातवाल्यांशी झटापट केलेली नाहीस, म्हणून सांगतो. एका दैनिकात रात्रपाळीला होतो तेव्हाची गोष्ट. साडेदहाला पान सोडायची वेळ, डमी तयार, आणि खालून माणूस येतो: 'ही बारा सेंटीमीटर दोन कॉलम, आत्ताच आलीय, लावून टाका.' जाहिरात म्हणून नाही, बातमी म्हणून. वाद घालायला वेळ नसतो, हा त्यातला खरा डाव. जो वाद घालतो तो आडमुठा ठरतो, कारण समोरचा फक्त जागा मागत असतो, मत नाही. 'तुमचं मत तुम्ही अग्रलेखात लिहा की, कोण नको म्हणतंय?' हे वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी मी ऐकलंय. डिसेंबर 1941 चा हुकूम असाच होता. तुमचा अग्रलेख तुम्हाला लखलाभ, आम्हाला फक्त मागच्या पानावरची चौकट हवी. फरक इतकाच की खालून येणारा माणूस रुसला तर बढती अडते, आणि तिथे मागे पोलीस होते.

फादर टायटस 1935 पासून कॅथलिक पत्रकारांचे धार्मिक सल्लागार होते. असल्या पदावरचा माणूस वर्षातून एकदा मिस्सा करतो, एक भाषण देतो, चहा पितो. हे मात्र पत्रकारांचे पगार, त्यांचं प्रशिक्षण यातही लक्ष घालत. 31 डिसेंबर 1941 ला त्यांनी कॅथलिक वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं: या जाहिराती घेता येणार नाहीत, दंड होईल, वर्तमानपत्र बंद पाडतील अशा धमक्या आल्या तरीही नाही. आता हद्द गाठली गेली आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. पत्र टाकलं आणि झालं, असंही करता आलं असतं. पण उट्रेख्टचे आर्चबिशप डे योंग यांच्याशी बोलून त्यांनी पुढचं ठरवलं. संपादकांना जाऊन भेटायचं, एकेकाला, समोरासमोर. यात अटक होऊ शकते हे दोघांनाही माहीत होतं. पकडले जाण्याआधी त्यांच्या चौदा संपादकांच्या भेटी झाल्या होत्या.

इथे थांब, लेकी. या चौदा भेटी हा तुझ्या लेखाचा कणा. डोळ्यांसमोर आण. जानेवारी 1942. त्याच महिन्याच्या 27 तारखेला हॉलंडमधल्या विंटर्सवाइकला उणे 27.4 अंश तापमान नोंदवलं गेलं, तो त्या देशाचा आजवरचा विक्रम आहे, असला तो हिवाळा. युद्धकाळातला प्रवास, रात्री खिडक्यांवर काळे पडदे. प्रवासी साठीचा, अंगाने किरकोळ, गोल चष्म्याचा. पोटातल्या रक्तस्रावाने आयुष्यभर अधूनमधून आडवा पडलेला, आणि मूत्रमार्गाच्या जुन्या दुखण्याने बेजार. असा माणूस एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, संपादकाच्या टेबलासमोर बसतो, बिशपांची भूमिका सांगतो, त्याचं म्हणणं ऐकून घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. घोषणा नाही, सभा नाही. शौर्य म्हणून दाखवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच ते लिहायला अवघड आहे आणि म्हणूनच तुला सांगतोय.

आणि एक खोच आहे, ती टाळू नकोस. समोरचा संपादक काही फक्त स्वतःचा जीव पणाला लावत नव्हता. वर्तमानपत्र बंद पडलं तर खिळे जुळवणारे, मशीनवाले, वाटप करणारे, सगळे घरी. सरकारचा माणूस तिथे बसवला गेला तर वर्तमानपत्र चालूच राहणार, फक्त आपलं राहणार नाही. 'निदान आपण असलो तर थोडं तरी सांभाळू' हा विचार भेकडांचाच असतो असं नाही, जबाबदार माणसंही तसा विचार करतात. फादर टायटस यांचं म्हणणं मला पटतं, कारण कॅथलिक म्हणवणाऱ्या वर्तमानपत्राने ती चौकट छापली की ते कॅथलिक उरत नाही, मग वाचवायचं काय? पण ज्यांना ते जड गेलं त्यांना तुझ्या लेखात खलनायक करू नकोस. रेल्वेने चौदा ठिकाणी जाऊन माणसांना समजावणाऱ्याला तरी ती माणसं खलनायक वाटत नव्हती.

मग त्यांचं आधीचं आयुष्य. ते तू मधे घाल, सुरुवातीला नको, आणि थोडक्यात. 23 फेब्रुवारी 1881, हॉलंडच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात बोल्सवर्डजवळ एका दुभत्या गुरांच्या शेतवाडीवर जन्म. नाव आन्नो स्यूर्ड. 'टायटस' हे वडिलांचं नाव त्यांनी कार्मेलाईट या धर्मसंघात शिरताना घेतलं. भावंडांपैकी एक बहीण सोडली तर सगळे धर्मसेवेत गेले. 1898 मध्ये बॉक्समेरला कार्मेलाईट मठात प्रवेश, 17 जून 1905 ला गुरुदीक्षा, 1909 मध्ये रोममध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट. याच संघातल्या स्पॅनिश गूढवादी, अवीलाच्या संत तेरेजाचं लेखन त्यांनी डच भाषेत आणायला घेतलं. तू हे सगळं तीन परिच्छेद लिहिलंयस, एकात बसतं.

ऑस गावचं वर्तमानपत्र मात्र ठेव. मठातले हे प्राध्यापक 1919 मध्ये एका छोट्या गावाच्या स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक झाले, हे तू कंसात टाकलंयस! 31 डिसेंबरचं पत्र लिहिणाऱ्या हाताला प्रूफं तपासण्याची सवय होती. बाहेरून उपदेश करणाऱ्या पाद्रींचं संपादक ऐकून घेतात आणि सोडून देतात. आपल्यातल्याचं ऐकावं लागतं.

नायमेखेनचं कॅथलिक विद्यापीठ 1923 मध्ये उभं राहिलं तेव्हापासून ते तिथे तत्त्वज्ञान आणि गूढवादाचा इतिहास शिकवत. 1932-33 मध्ये रेक्टर होते. मध्ययुगीन गूढवाद्यांच्या हस्तलिखितांची छायाचित्रं युरोपभरच्या ग्रंथालयांतून मागवून त्यांनी हजारो पानांचा संग्रह केला. हा तपशील मला फार आवडतो. उद्या नाझी येणार हे दिसत असताना एखादा माणूस चौदाव्या शतकातल्या पानांचे फोटो जमवत बसतो, याला कुणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही. 1936 मध्ये जर्मनीतल्या ज्यूंच्या छळावर डच विचारवंतांनी मतं मांडली, त्यात ते होते आणि त्या छळाला त्यांनी भ्याडपणा म्हटलं. 1938-39 मध्ये विद्यापीठात नाझी विचारसरणीची चिकित्सा करणारी व्याख्यानं दिली. हस्तलिखितंही चालू, हेही चालू. दोन्ही एकाच टेबलावर.

19 जानेवारी 1942 ला नायमेखेनच्या मठात अटक झाली. तिथून आर्नहेम, दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या स्खेवेनिंगनचा तुरुंग. लोक त्याला 'ओरांजे हॉटेल' म्हणत, कारण ओरांजे या डच राजघराण्याशी निष्ठा असलेल्या कैद्यांनी तो भरला होता. खोली 577.

चौकशी करणारा अधिकारी होता हार्डेगेन. त्याने त्यांना लेखी उत्तर मागितलं: डच लोक, विशेषतः कॅथलिक, एनएसबीला विरोध का करतात? कल्पना कर, आरोपीलाच निबंध लिहायला बसवलं. त्यांनी लिहिला. अगदी व्यवस्थित, मुद्देसूद, प्राध्यापकाच्या शिस्तीत. काही लपवलं नाही, काही चढवलंही नाही. शेवटी हॉलंडसाठी देवाचा आशीर्वाद मागितला, आणि जर्मनीसाठीही. तू हे 'त्यांनी शत्रूला क्षमा केली' असं एका ओळीत लिहिलंयस. तसं नाही ते. क्षमेच्या आधी त्यांनी कारणं दिली आहेत, पानभर. ज्याला विरोध का आहे हे शत्रूच्याच कागदावर शांतपणे लिहिता येतं, त्याने मागितलेल्या आशीर्वादाला वजन येतं. क्षमेचं वाक्य ठेव, पण कारणांच्या खाली.

हार्डेगेननेही अहवालात त्यांना पक्क्या मतांचा, चारित्र्याचा माणूस म्हटलं. आणि म्हणूनच त्यांना डांबून ठेवायला हवं, हा निष्कर्ष. असा शेरा पोलिसाकडून मिळवायला नशीब लागतं.

स्खेवेनिंगनच्या त्या खोलीत त्यांनी दिनक्रम आखून घेतला. प्रार्थना, येरझाऱ्या, लेखन. प्रार्थनापुस्तकातल्या छोट्या चित्रांची मांडणी करून एक वेदी केली. पाइप आणि सिगार हा त्यांचा शौक होता, तो काढून घेतला गेला. (हे लिही, कुणी नाक मुरडलं तरी लिही. सिगार ओढणारा संत आपल्या वाचकांना चालेल, वसईची माणसं आहेत.) खोलीचं वर्णन लिहिलं, येशूच्या चित्रासमोर एक कविता लिहिली, आणि संत तेरेजाचं चरित्र लिहायला घेतलं. कागद मिळेनासा झाला तेव्हा एका छापील पुस्तकाच्या ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात ते चरित्र पुढे चालू ठेवलं. पेन आणि ओळींमधली जागा, इतकं असलं तरी ते लिहीत राहिले. तुला डेडलाइन जड जाते तेव्हा हे आठवायची गरज नाही. लेखात मात्र यायला हवं.

12 मार्चला आमर्सफोर्टच्या छावणीत हलवलं. तिथे उपासमार, जुलाब, थंडीत कष्टाची कामं. 3 एप्रिलला गुड फ्रायडे होता. धार्मिक प्रवचनाला बंदी. मग हे एका खोक्यावर उभे राहिले आणि चौदाव्या शतकातल्या डच गूढवादी खेर्ट ग्रोटेवर 'व्याख्यान' दिलं, ज्यातून ऐकणाऱ्यांना ख्रिस्ताचं दुःखसहन कळत गेलं. ऐकणारे सगळे कॅथलिक नव्हते. बघ, ते हस्तलिखितांचं वेड इथे कामाला आलं. वर्षानुवर्षं ज्या विषयावर तास घेतले, तोच विषय पाठ होता, पुस्तक लागलं नाही. हा धागा तू जोडलास तर तुझा मधला भाग आपोआप उभा राहील.

पुन्हा स्खेवेनिंगन, मग जर्मनीतलं क्लेवे, आणि 19 जूनला डाखाऊ. कैदी क्रमांक 30492, बराक 28. इथून पुढे तुला माझं एकच सांगणं: हात आखडता घे. विशेषणं काढ. 'अमानुष', 'क्रूर', 'राक्षसी' हे शब्द तू दोन पानांत किती वेळा वापरलेस मोजून बघ. त्यांच्या पायांत लाकडी पायताणं होती, जखमा चिघळल्या होत्या, मार पडत होता, आणि अशा अवस्थेत ते ख्रिस्तप्रसाद चष्म्याच्या डबीत लपवून जपत होते. जर्मन धर्मगुरूंना बराकीत मिस्सा करू दिली जायची, इतरांना ती वेदी बंद. म्हणून पवित्र भाकरीचा तुकडा जर्मन धर्मगुरूंकडून हातोहात, चोरून, 28 नंबरच्या बराकीत यायचा. एवढं सांग. 'राक्षसी' आपोआप कळतं.

डाखाऊत 2,700 हून अधिक धर्मगुरू आणि धर्मसेवक डांबले गेले, बहुसंख्य कॅथलिक. त्यांतले 1,700 हून अधिक पोलंडचे होते, आणि मेलेल्या हजारावर लोकांत सर्वांत मोठा वाटाही त्यांचाच. या पोलिश धर्मगुरूंतल्या बहुतेकांची नावं आपण कधी ऐकणार नाही. त्यांच्यासाठी एक परिच्छेद खर्च कर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट. हॉलंडमधले एक लाखाहून जास्त ज्यू त्या वर्षांत मारले गेले, त्यांना नाकारायला जाहिरात नव्हती की बदलायला मत नव्हतं. आपल्या संताची गोष्ट सांगताना ही माणसं मागच्या पडद्यासारखी वापरली जातात, तसं होऊ देऊ नकोस. फादर टायटस यांना एक निवड करता आली. ते मोठे ठरले त्याच निवडीमुळे. त्या ज्यूंना ती संधीच मिळाली नाही.

याला जोडूनच एडिथ स्टाइनचा उल्लेख तू केलायस, पण गोंधळ झालाय. फादर टायटस गेले तो 26 जुलै 1942 हा रविवार. त्याच रविवारी हॉलंडच्या कॅथलिक चर्चेसमध्ये बिशपांचं पत्र वाचलं गेलं, ज्यूंच्या हद्दपारीचा जाहीर निषेध करणारं. बदला म्हणून 2 ऑगस्टला ज्यू वंशाच्या कॅथलिकांची धरपकड झाली. एख्टच्या कार्मेल मठातून सिस्टर तेरेजा बेनेदिक्ता, म्हणजे एडिथ स्टाइन आणि त्यांची बहीण रोझा यांना नेलं गेलं आणि 9 ऑगस्टला ऑश्वित्झमध्ये दोघी मारल्या गेल्या. तू लिहिलंयस त्याप्रमाणे फादर टायटस यांच्या मृत्यूचा त्या पत्राशी संबंध नाही, दिवस एकच आहे इतकंच. पण तो दिवस लिहायचाच असेल तर पूर्ण लिही: बोलण्याची किंमत बोलणाऱ्यालाच मोजावी लागते असं नाही. बिशप बोलले, किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून बिशपांनी गप्प बसायला हवं होतं का? मला नाही वाटत. पण हा प्रश्न ज्याला टोचत नाही त्याने हुतात्म्यांवर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ती नर्स. तिला शेवटी आण, आणि आणताना ती आपल्याला कुठून माहीत झाली हेही सांग. छावणीच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हुकुमावरून इंजेक्शन देणारी तीच. आणि पुढे, 1950 च्या दशकात, संतपदाच्या चौकशीत साक्ष देणारीही तीच. तिचं खरं नाव चौकशीत झाकलं गेलं, तूही शोधत बसू नकोस. त्यांनी तिला आपली जपमाळ दिली. मला प्रार्थना येत नाही, ती म्हणाली. मग निदान 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' एवढं तरी म्हण, असं त्यांनी सांगितलं. नमो मारियेतला तो अर्धा तुकडा. सगळी प्रार्थना शिकवायला बसले नाहीत, तिला झेपेल तेवढंच दिलं. त्यांच्या चौदा संपादकांना भेटण्यात आणि या एका वाक्यात मला एकच माणूस दिसतो.

नर्सचा प्रसंग तिच्या साक्षीतून, डाखाऊतला बराचसा तपशील ब्रदर राफाएल टाइहाउस या सहकैदी कार्मेलाईटच्या आठवणींतून. ते छावणीतून जिवंत सुटले, म्हणून आपल्याला कळलं. प्रत्येक प्रसंगापाशी 'हे कुणी पाहिलं?' असं स्वतःला विचार. उत्तर मिळालं नाही तर प्रसंग कितीही गोड असो, कापून टाक. तुझ्या मसुद्यात डाखाऊच्या पहाऱ्यावरचा सैनिक रडतो, तो मला कुठे भेटला नाही.

बाकी राहिलं ते आपल्याकडचं. 3 नोव्हेंबर 1985 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, आणि 15 मे 2022 ला पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिलं. त्या दिवशी दहा संत झाले आणि त्यांत आपले देवसहायम पिल्लई होते. त्रावणकोरच्या दरबारातले अधिकारी, 1745 मध्ये बाप्तिस्मा, 14 जानेवारी 1752 ला गोळ्या घालून मारलेले, संतपद मिळालेले पहिले भारतीय प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा मठवासी नसलेले. आपल्या वाचकाला त्या दिवसाची आठवण आहे ती देवसहायम यांच्यामुळे. तिथून त्याला टायटस यांच्यापर्यंत नेता येईल. नागासाकीत मारल्या गेलेल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचा उल्लेख वसईत करावाच लागतो, कर, पण एका वाक्याहून जास्त नको. नागासाकी 1597 आणि डाखाऊ 1942 यांची तुलना करायला गेलीस तर दोघांवरही अन्याय होईल. कार्मेलचा धागा हवा असेल तर गोव्याचा जास्त जवळचा आहे: गोव्याच्या कार्मेल मठातून निघालेले डायोनिशियस आणि रेडेम्प्टस 1638 मध्ये सुमात्रातल्या आचे इथे मारले गेले. चौकटीत टाक, लेखात नको.

आणि आजच्या राजकारणावर घसरू नकोस. शेवटच्या परिच्छेदात तू 'आजही आपल्या देशात...' म्हणून जे सुरू केलंयस ते वाचून तुझ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील, विरुद्ध बाजूचे पान उलटतील आणि फादर टायटस दोघांच्याही हातून निसटतील. जाहिरातीचा प्रसंग नीट लिहिलास तर ज्याचं त्याला कळेल. ज्याचं ज्याला कळणार नाही त्याला तुझा परिच्छेदही कळणार नाही.

छायाचित्र त्यांचं नेहमीचं घे, गोल चष्म्यातलं, कार्मेलाईट झग्यातलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कैदी पोशाखातली जी चित्रं फिरतात ती नंतर काढलेली आहेत. अठराशे शब्दांत बसव. पंचवीसशे पाठवलेस तर कात्री मी लावीन आणि मग तुला राग येईल. अंक प्रेसला जाण्याआधी एक आठवडा हातात ठेवून दे, प्रूफं मीही बघेन. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर